पंगतीतले पाहुणे

नागपूरहून वर्ध्याकडे निघालेली आगगाडी बुटीबोरी ओलांडते, तेव्हा दोन्ही अंगांना कपाशीची काळी राने पसरलेली दिसतात. याच मार्गावर पुढे, वर्ध्याजवळ, सेवाग्राम आहे. तेथील गांधीजींच्या आश्रमात दूरदूरचे पाहुणे येत. त्यांत एक जपानी बौद्ध भिक्षू होते. त्यांचे गुरू निचिदात्सु फुजी १९३३ साली वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले होते.

भिक्षूंचा देश निराळा, भाषा निराळी. जपानात दोन काड्यांनी जेवतात. येथे पाची बोटांनी घास घ्यावयाचा. अन्न मसाल्यावाचून, आणि ताट ज्याचे त्याने घासावयाचे. परंतु जेवणापूर्वी जपानी माणूस हात जोडून ‘इतादाकिमासु’, म्हणजे ‘मी हे नम्रपणे स्वीकारतो’, असे म्हणतो. आश्रमातही जेवणाआधी प्रार्थना होई. शब्द निराळे असले, तरी भाव एकच होता. मग परकेपण किती उरणार?

भिक्षू हातातील वाद्यावर ठोके देत आपला मंत्र म्हणत. डिसेंबर १९४१ मध्ये जपान महायुद्धात उतरला आणि सरकारने त्यांना पकडून नेले. सरकारच्या लेखी ते शत्रू ठरले. आश्रमाच्या लेखी मात्र ते घरचेच राहिले. त्यांचा मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत म्हटला जाऊ लागला, आणि आजही म्हटला जातो.

बुटीबोरीवरून आजही गाड्या धावतात. डब्यात कोणी शिदोरी सोडतो आणि शेजारच्या अनोळखी माणसाला ‘घ्या ना’ म्हणतो, तेव्हा तीच पंगत पुढे चालू राहते.