तांब्याची गोळी

आम्ही दोघे भाऊ कोकणातले, राहतो कॅलिफोर्नियात. तिथे १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी बंद झाली. तिचे कण मांसात पसरतात. ते खाऊन काँडर गिधाडे मरत होती. आम्ही काडतुसे घरीच भरतो. तांबे शिशापेक्षा हलके. तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, पुंगळीत दारूची जागा अडवते. म्हणून दारूचे जुने माप सोडले. गोळी नळीतल्या आट्यांपासून ०.०५० इंच मागे बसवली, मग दर खेपेस ०.०१० इंच आणखी खोल. तीन बारांची छिद्रे एकमेकांना भिडली, तिथे थांबलो. खाण्यासाठी जीव घ्यायचा, तर त्याची तडफड होऊ नये आणि पोरांच्या ताटात शिसे येऊ नये, एवढे तरी आमच्या हातात आहे.