सोनापुरातले नान

मुंबईच्या माणसाला सोनापूर म्हटले की मसणवट आठवते. दुबईतही एक सोनापूर आहे, शारजाकडच्या अंगाला, आणि तिथे जिवंत माणसे राहतात. कामगारांच्या खोल्यांच्या रांगाच रांगा. सरकारी नकाशावर त्या वस्तीचे नाव मुहैसना, पण कामगार तिला सोनापूरच म्हणतात. आम्ही चौघे २००८ साली तिथे गेलो तेव्हा विक्रोळीचा आमच्यातला एकजण नाव ऐकूनच म्हणाला, "सुरुवातच झाली म्हणायची." तेव्हा हसलो.

आम्ही सळया बांधणारे. एजंटचे पैसे व्याजाने काढलेले. खोलीत आठ खाटा. त्यातल्या दोघांनी पहिल्याच दिवशी आडनावे विचारली आणि आपली भांडी वेगळी ठेवली. साता समुद्रापार जाऊनही काही गोष्टी पेटीत घालून नेता येतात, एवढे तिथे समजले.

जेवणाचे हाल काय सांगावेत. घरून नेलेले ज्वारीचे पीठ महिन्यात संपले. मग पाकिटातला खुबूस. तो सकाळी मऊ, संध्याकाळी फडक्यासारखा आणि दुसऱ्या दिवशी कागदासारखा फाटणारा. भाकरीवर वाढलेल्या माणसाचे त्याने पोट भरते, पण जेवल्यासारखे वाटत नाही.

मग कोपऱ्यावरचे अफगाणी भट्टीवाल्याचे दुकान सापडले. सगळे त्याला उस्ताद म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. ओट्यात पुरलेला तंदूर, खाली गॅसचा जाळ. उस्ताद पिठाचा गोळा थापून लांबट करायचा, बोटांनी त्यावर नांगरटीसारख्या रेघा ओढायचा, गादीवर घालून आत हात घालायचा आणि भिंतीवर चिकटवायचा. दोन मिनिटांत लोखंडी आकड्याने बाहेर. रेघा शोभेच्या नव्हेत, नान फुग्यासारखे फुगून भिंतीवरून सुटू नये म्हणून त्या असतात. एका दिरहमला एक नान, म्हणजे त्या वेळचे बारा-तेरा रुपये. हातभर लांब. एका नानात आणि वाटीभर डाळीत माणूस धड जेवायचा. त्या रांगेत कोणी आडनाव विचारीत नसे.

२००९ साली मंदीने दुबईची बांधकामे अडकली. आमच्या कंपनीने पगार थांबवला. एक महिना, दोन महिने, तीन महिने. त्याच साली तिथल्या सरकारने पगार बँकेमार्फत देण्याचा नियम काढला, पण आमच्या अडकलेल्या पैशाला त्याचा उपयोग झाला नाही. उस्ताद उधारीवर नान देऊ लागला. वहीत आमच्या नावाने रेघा मारायचा.

घरी कोणी काही सांगितले नाही. फोनवर एकच प्रश्न यायचा, "जेवलात का? काय खाल्लं?" खोटे बोलायला जीभ रेटेना, म्हणून खरे तेवढेच सांगायचे, "नान खाल्लं." आणि इथेच घोटाळा झाला. आपल्याकडे नान कधी खायचे? कोणी हॉटेलात नेले तर, नाही तर मोठ्या घरच्या लग्नात. तीन महिने पैसा नाही आणि नवरा रोज नान खातो, असा त्याचा घरी अर्थ झाला. आमच्यात वयाने मोठे होते त्यांना आम्ही मामा म्हणायचो. अंबाजोगाईहून मामींचा फोन आला. "तुमी खा नान तिकडं. हितं माझं डोरलं गहाण पडलंय, पोराची फी कोन भरील?" मामांनी फोन खाली ठेवला आणि त्या रात्री जेवलेच नाहीत. आम्हीही त्यांना धड समजावू शकलो नाही, कारण चौघांच्या घरी थोड्याफार फरकाने हेच चालले होते.

दुसऱ्या दिवसापासून उधारी वाढवायची नाही असे ठरले. मैदा स्वस्त होता, स्वयंपाकघरात गॅसच्या शेगड्या होत्या. पहिले नान चपलेच्या तळासारखे झाले. दुसऱ्या दिवशीचेही. उस्तादला एक तुकडा नेऊन दाखवला. त्याने वाकवून पाहिला, हसला आणि मोडक्यातोडक्या हिंदीत विचारले, "पानी कितना?" आम्ही पोळीसारखी घट्ट कणीक मळत होतो. त्याने शिकवले ते असे: किलोभर मैद्याला साडेसहाशे-सातशे मिली पाणी, पीठ हाताला चिकटले पाहिजे. मीठ हवेच. त्यात कालच्या पिठाचा लिंबाएवढा गोळा, तेच खमीर. मळून झाले की झाकून ठेवायचे आणि दुप्पट होईपर्यंत हात लावायचा नाही. तिथल्या उन्हाळ्यात ते लवकर होते. लाटणे वापरायचे नाही, हातानेच थापायचे, नाही तर आतली हवा मरते.

राहिला ताप. तंदूरच्या भिंतीचा ताप चारशे अंशांच्या घरात असतो, तो शेगडीवर कुठून येणार? इथे अकोल्याच्या भावाचा बिडाचा तवा कामाला आला. त्याच्या बायकोने तो पेटीत घातला तेव्हा आम्ही त्याला हसलो होतो. थापलेल्या नानाच्या एका बाजूला मिठाचे पाणी लावायचे आणि ती बाजू तापलेल्या तव्यावर टाकायची. ओले पीठ खळीसारखे चिकटते. वर फोड आले की तवा उलटा करून सरळ जाळावर धरायचा. वरचा भाग भाजतो, काळे ठिपके पडतात आणि तळ शेकला की नान आपोआप सुटते. शेजारच्या खोलीतल्यांनी हेच नॉनस्टिक तव्यावर केले तर नान शेगडीतच पडले. तवा धरायला आम्ही सळईची तार पिळायची नवी पकड घेतली. हत्यार आमच्या ओळखीचे होते.

तिसऱ्या आठवड्यात जमले. उस्तादच्या नानाची सर नाही, पण मऊ, आणि मधे धुराचा वास. भांडी वेगळी ठेवणारे दोघे एका रात्री दारात उभे राहिले. त्यांचाही पगार थकलेलाच. आमच्या तव्यावरचे नान त्यांनी खाल्ले. बोलण्यासारखे पुष्कळ होते, कोणी बोलले नाही.

त्याच रात्री मामांनी घरी फोन करून सगळे सांगितले. पगार नाही, उधारी आहे, नान म्हणजे इथली गरिबाची भाकरी. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही.

२०१० साली कंपनीने थोडे पैसे हातावर ठेवून परत पाठवले. दोन महिन्यांचा पगार बुडाला तो बुडाला. निघायच्या आधी उस्तादची उधारी फेडली, एकशे चाळीस दिरहम. त्याने पैसे नीट मोजून घेतले, वहीतल्या रेघांवर काट मारली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून आठ नान दिले, प्रत्येकाला दोन.

अंबाजोगाईला पोचेपर्यंत ते लाकडासारखे झाले होते. मामींनी पाणी शिंपडून तव्यावर शेकले, मुलांना तुकडे वाटले आणि शेवटी एक तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला. बराच वेळ चावून म्हणाल्या, "ह्ये व्हय त्ये नान? बसा, भाकरी टाकते."