रंग उतरवताना

नाताळाच्या दिवसांत आमच्या धर्मग्रामात नाटक बसते. रंगमंचावर काय घडेल याची चिंता सारेच वाहतात. पडदा पडल्यावर रंगवलेल्या चेहऱ्यांचे काय होते, याची आम्हांला मात्र कधी फिकीर नव्हती. सेमिनरीत असताना दाढीमिशा चिकटवून आम्हीही राजाची भूमिका केली होती आणि रात्री धुण्याच्या साबणाने तोंड खसाखसा घासले होते. तीच शिस्त पुढे आम्ही मुलांना लावली.

काही वर्षांपूर्वी बारा वर्षांचा एक मुलगा म्हणाला, "फादर, झोंबतंय. हळू पुसू का?"

"नखरे पुरेत, साबण लाव," आम्ही उत्तरलो.

दुसऱ्या दिवशी मिस्साला तो दिसला. गाल लालबुंद, पापण्या सुजलेल्या. संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो. आजीने तक्रार केली नाही. खोबरेलाची बाटली पुढे करून ती एवढेच म्हणाली, "फादर, रंग तेलाचा, तो पाण्याचं कसं ऐकेल?"

त्या एका वाक्यात सारे शास्त्र होते. रंगभूषेचा रंग तेलामेणात कालवलेला असतो. तो तेलानेच सैल होतो. शिवाय आपली त्वचा किंचित आम्लधर्मी, तिचा सामू ५ च्या आसपास. साध्या साबणाचा ९ ते १०. त्यामुळे साबण मळाबरोबर त्वचेचे स्वतःचे स्निग्ध कवचही ओढून नेतो. दुसऱ्या शतकातील वैद्य गॅलेन याच्या नावाने ओळखले जाणारे कोल्ड क्रीम म्हणजे तरी काय? मधमाश्यांचे मेण, ऑलिव्हचे तेल आणि गुलाबपाणी. आजीचे खोबरेल त्याच कुळातले.

आता नाटकाच्या रात्री रंगपटात तेलाची वाटी आणि जुन्या धोतराचे मऊ तुकडे तयार असतात. आधी तेल लावायचे, मिनिटभर थांबायचे, पापण्यांवर कापड नुसते टेकवायचे. मग कोमट पाणी आणि सौम्य फेसवॉश. घासायचे नाही.

पुढल्या वर्षी त्या मुलाचा चेहरा आम्ही स्वतः पुसला. आमचा हात पुढे येताच तो क्षणभर मागे सरला; मग डोळे मिटून त्याने चेहरा पुढे केला.

मळ जावा आणि त्वचा राहावी, हे आम्हांला इतक्या उशिरा कळावे? रविवारच्या प्रवचनांतून आम्ही किती माणसांना असेच खसाखसा घासले असेल, ते त्यांनाच ठाऊक.