दिवा विझवण्याआधी

गाडी गॅरेजच्या दारात थांबते, काच खाली होते आणि पहिलं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असतं, "मिस्त्री, तेवढा इंजिनाचा लाइट घालवून द्या." घालवायला मला एक मिनिटही पुरतं. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात स्कॅनर लावायचा आणि इरेजचं बटण दाबायचं. पंचवीस वर्षं हे काम करतोय, पण ते बटण मी अगदी शेवटी दाबतो.

कारण दिव्यामागचा बिघाडाचा कोड पुसला की त्याच्याबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते. दिवा लागला त्या क्षणी इंजिन किती तापलं होतं, किती आरपीएमवर फिरत होतं, गाडी पळत होती की सिग्नलला उभी होती, याची नोंद ईसीएमने, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरने, करून ठेवलेली असते. तो पंचनामाच. पंचनाम्याआधीच कुणी जागा धुऊन काढली, तर मागून येणाऱ्याने शोधायचं काय?

गेल्या पावसाळ्यात कराडचे एक निवृत्त शिक्षक आले. दुसरीकडे त्यांच्या गाडीचा पुढचा ऑक्सिजन सेन्सर बदलला होता, कोड पुसला होता, आणि आठ दिवसांत दिवा पुन्हा हजर. कोड पी०१७१, म्हणजे मिश्रण लीन, पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. हा कोड ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावरून पडतो, म्हणून पहिला बळी त्याचाच जातो.

हा सेन्सर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय एवढंच पाहतो. वजनाने एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हे त्याचं माप. साधा सेन्सर ठीक असेल तर त्याचा व्होल्टेज ०.१ आणि ०.९ यांच्यामध्ये सारखा वर-खाली होत राहतो. खालीच रेंगाळला तर ईसीएम समजतं की हवा जास्त होतेय, आणि पेट्रोल वाढवत जातं. किती वाढवलं त्याचा आकडा म्हणजे फ्युएल ट्रिम. माझा खरा भरवसा या आकड्यावर आहे.

सरांच्या गाडीत आयडलिंगला तो आकडा होता अधिक २४ टक्के. रेस देऊन अडीच हजार आरपीएमवर धरली, तर ५ वर आला. इथेच अर्धं काम झालं. आयडलिंगला हवेच्या वाटेतला बटरफ्लाय जवळजवळ बंद असतो, इंजिनाची ओढ जबरदस्त असते आणि आत जाणारी हवा थोडी. अशा वेळी छोट्याशा भोकातून घुसलेल्या चोरट्या हवेचा वाटा मोठा दिसतो. रेस दिली की हक्काच्या वाटेनेच भरपूर हवा येते, चोरटी हवा त्यात हरवते. पंप कमजोर असता किंवा पेट्रोलचा फिल्टर तुंबला असता, तर चित्र उलटं झालं असतं. चढावर, लोडवर आकडा वाढला असता. फ्रीझ फ्रेमही तेच सांगत होती, वेग शून्य, इंजिन गरम. म्हणजे भोक एअर फ्लो सेन्सरच्या पुढे, आणि रबर तापल्यावर उघडणारं.

इंजिन बंद करून इनटेकमध्ये धूर सोडला. दोन मिनिटं काहीच नाही. मग मॅनिफोल्डच्या खालून एक बारीक रेघ वर आली. क्रँककेसमधून येणारा होज बाकापाशी, खालच्या अंगाला चिरला होता. आरसा घातल्याशिवाय दिसला नसता. काही शे रुपयांचा होज. तो बदलल्यावर ट्रिम ३ टक्क्यांवर स्थिरावली. सरांनी जुना सेन्सर डिकीत जपून ठेवला होता. तो पुन्हा बसवून पाहिला, छान वर-खाली होत होता. सर जरा वेळ स्क्रीनकडे बघत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे बिचारा खरंच सांगत होता."

माझे उस्ताद कार्ब्युरेटरच्या काळातले. प्लग काढून त्याचा रंग बघायचे. पांढरट म्हणजे लीन, काळा म्हणजे रिच, विटकरी म्हणजे गाडी खुशीत. स्कॅनर हातात असूनही मी आज प्लग काढून बघतो.

पी०४२० हा कोड खिशाला सगळ्यात जड. कॅटकॉन, म्हणजे धुरातले विषारी वायू निकामी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, काम करत नाही, अशी ही तक्रार. त्यातल्या चिनी मातीच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलॅडियम, रोडियम यांचा मुलामा असतो. एप्रिल १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटकॉन सक्तीचा झाला, त्याच्याबरोबर शिसंविरहित पेट्रोलही आलं, कारण शिसं त्या मुलाम्यावर बसून त्याला निकामी करतं. आता ती जाळी मारतं मिसिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटणं. न जळलेलं पेट्रोल तिच्यात जाऊन पेटतं आणि जाळी वितळते. बदलायच्या आधी मागचा सेन्सर बघावा. पुढचा नाचतो तेव्हा मागचा जवळजवळ शांत हवा. तोही तसाच नाचत असेल तर जाळी गेल्याचा संशय पक्का होत जातो. तरी सायलेन्सरच्या पाइपाचं गॅस्केट फुटलेलं नाही ना, हे आधी तपासायचं. लीकमधून हवा ओढली गेली की निरोगी जाळीही दोषी ठरते.

"जाळीच काढून टाका, पिकअप वाढेल," असंही लोक सांगतात. ते काम मी करत नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि माझ्याकडची पोरं दिवसभर चालू गाड्यांच्या मागेच उभी असतात.

बीएस-६ डिझेलवाल्यांचं दुखणं वेगळं. घर ते दुकान दोन किलोमीटर, एवढ्या फेऱ्यांत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, ती जाळण्याइतका तापतच नाही. त्यांना मी आधी हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं गाडी चालवून या म्हणतो, बिल नंतर.

तुमच्या गाडीचा दिवा लागला तर एवढं करा. स्थिर असेल तर घाबरू नका, पण लवकर दाखवा. लुकलुकत असेल तर मिसिंग चालू आहे, पाय हलका करून गाडी बाजूला घ्या. आणि कुणी कोड पुसायला निघालंच, तर त्याआधी त्या कोडचा आणि फ्रीझ फ्रेमचा मोबाइलवर फोटो मागून घ्या.