एकादशीच्या ताटाचं गोत्र

जबलपूर,
आषाढ शुद्ध द्वादशी

चि. केतकीस अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. लायडनला तू एकादशीची साबुदाण्याची खिचडी केलीस, तुझ्या घरात राहणाऱ्या डच मुलीने ती चाटूनपुसून खाल्ली आणि 'हे किती जुनं?' असं तिने विचारल्यावर 'हजारो वर्षांचं' असं ठोकून तू मोकळी झालीस. मग मनात पाल चुकचुकली म्हणून मला विचारतेस. बरं केलंस. फोनवर सांगायला घेतलं तर 'आत्या, मीटिंग आहे' म्हणून तू अर्ध्यात पळशील, म्हणून लिहूनच पाठवते.

एका ओळीत हवं असेल तर उपास जुना, ताट नवं. बाकीचं पत्र म्हणजे त्याचा खुलासा.

ताटातला एकेक जिन्नस घे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा तिथलाच. बटाटा अँडीज पर्वतातला. मिरची, रताळं, राजगिऱ्याचा दाणा, सगळी मंडळी समुद्रापलीकडची. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोचला, पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, आणि मग यातलं बरंचसं त्यांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्याला लागलं. त्याआधी तिखट म्हणजे मिरी, सुंठ, पिंपळी. आता ही सगळी मंडळी उठवून लावली तर ताटात उरतं काय? वरई, तूप, ताक, केळं आणि आपल्या जबलपूरचा शिंगाडा.

साबुदाण्याची गोष्ट तर त्याहून अलीकडची. आधी तो मलायाकडून यायचा आणि सागो नावाच्या ताडाच्या गाभ्यापासून व्हायचा. कसाव्याची लागवड त्रावणकोरात विशाखम तिरुनाळ महाराजांनी १८८० च्या दशकात वाढवली, भात पिकला नाही तरी लोकांच्या पोटाला काही असावं म्हणून. पुढे दुसऱ्या महायुद्धात बाहेरची आवक थांबली आणि १९४३-४४ च्या सुमाराला तमिळनाडूत सेलमला कसाव्याच्या सत्त्वापासून दाणे पाडायला सुरुवात झाली. कंद सोलायचा, किसायचा, पाण्यात कालवून गाळायचा, खाली बसलेलं पांढरं सत्त्व काढायचं, ते ओलसर असताना कापडाच्या झोळीत घालून हलवायचं की गोळ्या होतात, मग त्या तव्यावर भाजून वाळवायच्या. कच्च्या कसाव्यात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. ते या धुण्या-भाजण्यात जातं. म्हणजे तुझी खिचडी, तिच्या आजच्या रूपात, तुझ्या आजीहूनही धाकटी!

मग ही परकी मंडळी थेट देवाच्या दिवशीच ताटात कशी शिरली? माझा तर्क असा. एकादशीला वर्ज्य काय, तर धान्य. ही यादी ठरली तेव्हा बटाटा आणि शेंगदाणा कुणाला माहीतच नव्हते, त्यामुळे ते निषेधाच्या यादीतही नव्हते. नवा पदार्थ रोजच्या जेवणात घ्यायचा तर सासूबाईंचा 'आपल्याकडे करत नाहीत' हा पहारा ओलांडावा लागतो. उपासाच्या दिवशी मात्र आधीच वेगळं काहीतरी शोधावं लागतं, तेव्हा दार किलकिलं असतं. तिथून एकदा आत आलं की पुढच्या दोन पिढ्यांत ते सोवळ्यातलं होतं.

तुझ्या मैत्रिणीला हे गंमतीचं वाटेल, पण तिच्या खंडातही नेमकं हेच झालं. लेंट म्हणजे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, मांस वर्ज्य. त्यात मेक्सिकोहून चॉकलेट आलं. तेव्हा ते पेय होतं, वडी नव्हती. मग प्रश्न पडला की याने उपास मोडतो का? यावर १६३६ मध्ये माद्रिदला आंतोनियो दे लेओन पिनेलो याने आख्खं पुस्तक लिहिलं. पुढे १६६४ मध्ये रोममध्ये कार्डिनल ब्रांकाच्चो यांनी निवाडा दिला की पातळ पदार्थाने उपास मोडत नाही. आपल्याकडे 'चहा चालतो' म्हणतात, तसंच ना?

झुरिकला तर १५२२ मध्ये सॉसेजवरून धर्मसुधारणेला तोंड फुटलं. ख्रिस्टोफ फ्रोशाउअर नावाच्या छापखानेवाल्याकडे फ्रँकफुर्टच्या जत्रेसाठी पुस्तकाचं काम रात्रंदिवस चाललं होतं. त्याने कामगारांना भर लेंटमध्ये सॉसेजचे तुकडे वाटले. स्विंग्ली हा धर्मोपदेशक तिथे हजर होता. त्याने स्वतः खाल्लं नाही, पण खाणाऱ्यांची बाजू मात्र घेतली. इंग्लंडने १५६३ मध्ये उलट चाल केली. कोळीवाडे जगावेत आणि आरमाराला खलाशी मिळावेत म्हणून बुधवारी मासेच खायचे असा कायदा केला, आणि हे मोक्षासाठी आहे असं कुणी सांगेल तर त्याला शिक्षा! देवाचं निमित्त काढून टाकलं आणि नियम तेवढा ठेवला. आपल्याकडे नियम ढिला झाला आणि निमित्त टिकलं.

त्याच १५६३ साली गोव्यात एक पुस्तक छापलं गेलं, आणि ते तुझ्या लायडनला जाऊन भिडतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. लेखक गार्सिया द ओर्टा, पोर्तुगालचा वैद्य, सालामांका आणि अल्काला इथे शिकलेला. १५३४ मध्ये तो गोव्याला आला आणि मरेपर्यंत इथेच राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात त्याचं येणं-जाणं होतं. तो राजावर उपचार करायचा आणि राजा त्याला रोगांची, औषधांची अरबी नावं शिकवायचा. बदल्यात हा लॅटिन नावं सांगायचा. दोघांचं जमायचं, कारण दोघांचं मूळ पुस्तक एकच. ग्रीक वैद्य गॅलेन आणि त्याच्यावर भर घालणारा इब्न सिना. प्रत्येक पदार्थ उष्ण की थंड, कोरडा की ओला, आणि माणसाची प्रकृती कोणती, यावर सगळं औषध. युरोपातल्या श्रीमंतांची मेजही त्यावरच मांडली जायची. मासा थंड आणि ओला, म्हणून त्याला मिरी-आलं. खरबूज थंड, म्हणून त्यावर मीठ किंवा वाइन. साखर तर औषधविक्याकडे मिळायची. आईने तुला मेथीचे लाडू थंडीतच का दिले आणि पावसाळ्यात ताक का अडवलं, हे ओर्टाला फोड करून सांगावं लागलं नसतं.

त्याचं पुस्तक संवादाच्या रूपात आहे. तो स्वतः आणि रुआनो नावाचा नवखा पाहुणा गप्पा मारतात, मध्येच अंतोनिया नावाची मोलकरीण बागेतली पाला-फळं आणून दाखवते. आंबा, फणस, वेलदोडा, भांग, धोतरा, अफू. एका जागी तो पटकीचं वर्णन करतो, आणि इथले लोक या दुखण्याला मोडशी म्हणतात हेही नोंदवतो. हिंगाची गोष्ट तर मला फार आवडते. विजयनगरात एका पोर्तुगीजाकडे चांगला घोडा होता, पण त्याला वाताचा त्रास, म्हणून राजा तो घेईना. मालकाने घोड्याला हिंग चारून बरा केला आणि मग राजाने चांगली किंमत दिली. कशाने बरा झाला हे कळल्यावर राजा म्हणाला, देवांचं अन्न दिलंस, मग नवल काय! पोर्तुगीज आपल्या भाषेत पुटपुटला की देवांचं कसलं, सैतानाचं. ओर्टा मात्र कबूल करतो की हिंदुस्थानात औषधात आणि स्वयंपाकात हिंगाइतकं दुसरं काही वापरत नाहीत.

हे पुस्तक दुसऱ्याच वर्षी लिस्बनमध्ये एका वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती लागलं. त्याचं नाव क्लुसियस. त्याने १५६७ मध्ये अँटवर्पहून त्याचा लॅटिन संक्षेप काढला, आणि गोव्याच्या बागेतलं, दरबारी हकिमांचं, अंतोनियाच्या ओट्यातलं ज्ञान युरोपभर वाचलं गेलं. तोच क्लुसियस १५९३ मध्ये तुझ्या गावी आला आणि विद्यापीठाची बाग त्याने उभी केली. ती बाग आजही आहे. जाऊन ये.

ओर्टाचं पुढे वाईट झालं. त्याचं घराणं ज्यू, जुलमाने ख्रिस्ती झालेलं. १५६८ मध्ये तो वारला, पुढच्याच वर्षी गोव्याच्या इन्क्विझिशनने त्याची बहीण कातारिना हिला जाळलं, आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून तीही जाळली. ज्या गावाने त्याच्याकडून औषध घेतलं त्या गावाने त्याला थडगंही ठेवू दिलं नाही.

आता बटाटा. क्लुसियसला १५८८ मध्ये व्हिएन्नात बटाट्याचे दोन कंद कुणी पाठवले, आणि त्याने ते लावून त्यांचं वर्णन १६०१ मध्ये छापलं. तरी युरोपच्या पोटात तो शिरायला पुढे दीड-दोनशे वर्षं गेली. बायबलमध्ये नाही, जमिनीखाली होतो, विषारी झाडांच्या कुळातला, अशा शंका. फ्रान्समध्ये पार्मांतिये नावाच्या औषधनिर्मात्याने प्रशियाच्या कैदेत बटाट्यावर दिवस काढले, आणि सुटून आल्यावर १७७२ च्या निबंधस्पर्धेपासून तो बटाट्याचा वकील झाला.

तुमच्या गावात ३ ऑक्टोबरला हुत्स्पॉट करतात ना? १५७४ मध्ये स्पॅनिश वेढा उठला, एका मुलाला शत्रूच्या रिकाम्या छावणीत शिजलेल्या कालवणाचं भांडं सापडलं, अशी आख्यायिका. आज त्यात गाजर, कांदा आणि बटाटा घोटतात. पण १५७४ मध्ये बटाटा तिथे नव्हताच! त्या जागी पार्स्निप नावाचं पांढरं गाजरासारखं कंदमूळ होतं. तुझ्या मैत्रिणीला हे हळूच विचार. तिचा सण जुना आणि पातेलं नवं, तुझा उपास जुना आणि ताट नवं. मग दोघीही सारख्याच.

पण एक गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. वस्तू जहाजात बसून येते, ती वापरायची रीत बहुधा मागे राहते. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात. युरोपने मका घेतला, चुना घेतला नाही. स्पेनमध्ये आस्तुरियासच्या मका खाणाऱ्या गरिबांत गास्पार कासाल या वैद्याला १७३५ मध्ये कातडी भाजल्यासारखी करणारा, शेवटी वेड लावणारा रोग दिसला. तो पेलाग्रा. चुन्यामुळे मक्यातलं जे जीवनसत्त्व अंगी लागतं ते त्या माणसांना मिळतच नव्हतं, हे कळायला पुढे दोन शतकं लागली. उलटही व्हायचं. खलाशांचा स्कर्व्ही लिंबा-संत्र्याने बरा होतो हे जेम्स लिंड याने १७४७ मध्ये बारा आजाऱ्यांच्या सहा जोड्या करून, प्रत्येक जोडीला वेगळा उपाय देऊन दाखवलं. तरी ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस सक्तीचा केला १७९५ मध्ये. कळलेलं वळायला जवळपास पन्नास वर्षं! आणि तुमच्या लायडनचाच विद्यार्थी, कोर्नेलिस बोंटेकू, १६७८ मध्ये सांगत होता की दिवसाला पन्नास काय, दोनशे पेले चहाही चालेल. तेव्हा चहा-कॉफी औषध म्हणूनच यायची आणि मग पाहुणी म्हणून राहायची.

म्हणून मला वाटतं, ताट किती जुनं यावर भांडू नये. मराठे १७८१ मध्ये सागरहून इथे आले तेव्हा त्यांनाही शिंगाडा नवाच असेल. आपल्या हनुमानताल, अधारताल, राणीतालासारख्या तळ्यांचं हे गाव. ढीमर मंडळी कमरेएवढ्या पाण्यात उतरून वेल उलटवतात, काटे चुकवून खालची फळं खुडतात, आणि दसरा-दिवाळीला हातगाडीवर उकडलेले शिंगाडे येतात. आपल्या घरात त्याच्या पिठाची पुरी इतकी मुरली की तुझे बाबा ती कोकणातलीच समजतात. पाहुणा घरचा होतो तो असा. सनातनपणाचं प्रमाणपत्र कुणी मागत नाही, 'कुणाला मानवतं, कधी आणि किती' एवढंच विचारतात. तो प्रश्न गॅलेनचाही होता, निजामशहाच्या हकिमांचाही आणि आईचाही.

त्या प्रश्नावर साबुदाणा सपशेल नापास होतो, हे मात्र बाबांना तूच सांग, माझं ऐकत नाहीत. जवळजवळ निव्वळ पिठूळ सत्त्व, त्यावर बटाटा, आणि त्यांची साखर आधीच वाढलेली. काल उपासाच्या नावाने दोन वाट्या खिचडी आणि वर खव्याची जिलेबी! पुढच्या एकादशीला वरईचा भात आणि शेंगदाण्याची आमटी करणार आहे. तू फोनवर पाठिंबा दे.

शिंगाड्याचं पीठ एक किलो कुरियर केलंय, पावती तुझ्या बाबांकडे आहे. हवाबंद डब्यात ठेव, नाहीतर पोरकिडे होतात.

तुझी,
आत्या