कर्ता कोठे आहे?

आपल्या मराठीला एक खोड आहे. घर फोडले गेले, तर आपण चोराला शिव्या देतो. घरमालकाची अब्रू गेली, असे कोणी म्हणत नाही. पण एखाद्या मुलीवर कोणी बळजबरी केली, की लगेच म्हणतो, 'तिची अब्रू गेली!' गुन्हा केला एकाने आणि गमावले मात्र दुसरीने! अब्रू हा शब्द फारसीतला. मूळ अर्थ चेहऱ्यावरचे पाणी. ते गुन्हेगाराच्या चेहऱ्यावरून उतरायला हवे, हे आपण सोयिस्करपणे विसरतो.

मी कॉलेजात मराठी शिकवतो. एकदा वर्तमानपत्रातली वाक्ये घेऊन व्याकरणाचा तास चालला होता. एका मुलीने मथळा वाचला, 'तरुणीवर अतिप्रसंग', आणि विचारले, "सर, यात कर्ता कोठे आहे?" वर्ग चिडीचूप झाला. कर्ता गाळला, की नजर उरलेल्या तरुणीवरच जाते. मग ती गेली कोठे होती, किती वाजता, काय नेसून, याची उलटतपासणी सुरू होते.

शब्दांचा हा घोळ कोर्टातही महाग पडतो. मार्च १९७२ मध्ये विदर्भातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. आरोपी पोलीसच. सेशन्स कोर्टाने त्यांना सोडले. भीतीने गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, असे म्हणून नागपूरला हायकोर्टाने शिक्षा दिली. १९७८ साली सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडले. तिच्या अंगावर जखमा नाहीत, हे त्यातले एक मोठे कारण. १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. संमती वेगळी, शरणागती वेगळी, हा त्यांचा मुद्दा. देशभर चळवळ उठली आणि १९८३ साली कायदा बदलला. भीतीने अंग थिजते, तोंडून शब्द फुटत नाही, हे आज मानसशास्त्रही सांगते.

आपण मुलींना अंधारी गल्ली टाळायला शिकवतो. पण राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत, की बलात्काराच्या दहांपैकी नऊंहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचाच असतो: शेजारी, नातलग, स्नेही. तेव्हा सावधगिरी घरापासून हवी. 'काकांना पापा दे' म्हटल्यावर मूल मागे सरले, तर सरू द्यावे. अवयवांची खरी नावे त्याला ठाऊक असावीत, म्हणजे वेळ आलीच तर नीट सांगता येईल. हे मुलग्यांनाही शिकवावे, कारण अत्याचार त्यांच्यावरही होतात. आणि दुसऱ्याचे 'नको' ऐकणेही त्यांना लहानपणीच शिकवावे.

एवढे करूनही कोणी रडत घरी आली, तर? 'तू तिथे गेलीसच कशाला?' हे वाक्य गिळून टाकावे. 'सांगितलेस ते बरे केलेस, यात तुझा काही दोष नाही,' असे म्हणावे. मग तडक इस्पितळ गाठावे. सरकारी असो वा खासगी, तातडीचे उपचार मोफत देणे २०१३ पासून इस्पितळांवर कायद्याने बंधनकारक आहे. काही औषधे तर ७२ तासांच्या आतच उपयोगी पडतात. पुढचे प्रत्येक पाऊल तिला विचारून, तिच्या चालीने टाकावे.

सावरायला महिने लागतात, कधी वर्षेही. पण जिचे म्हणणे घरात खरे मानले जाते, तिला पुन्हा उभे राहण्याचे बळ येते. तिची अब्रू कोठेही गेलेली नाही, हे आधी घरच्यांना पटले पाहिजे. मग तिला ते वेगळे सांगावे लागत नाही.