सांध्याचा काळ, कराराची मुदत

गुडघे दुखू लागले की आपल्याकडे घरातले कोणीही निदान सांगून मोकळे होते, ‘वंगण संपलंय.’ त्यात तथ्य आहे, पण सांध्याचे वंगण तेलासारखे वरून घातलेले नसते. हाडांच्या टोकांवर दोन-चार मिलिमीटर जाडीची कुर्चा असते आणि तिच्या वजनातला सत्तर-ऐंशी टक्के भाग पाण्याचा असतो. पाऊल टेकताच आधी हे पाणी भार झेलते. ते इतके सावकाश झिरपते की पुढचे पाऊल पडेपर्यंत त्यातले फारसे निसटलेले नसते, आणि भार उतरला की कुर्चा ते पुन्हा शोषून घेते. म्हणून सांध्याची जैवयांत्रिकी हे मुळातच काळाचे शास्त्र आहे. पहिल्या सेकंदाला काय घडते, तासाभर उभे राहिल्यावर काय घडते आणि पंधरा वर्षांनी काय उरते, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. या शास्त्रातले प्रत्यक्ष हाताने करायचे पुष्कळसे काम पीएच.डी. झालेले, पण कायम नोकरी नसलेले पोस्टडॉक संशोधक करतात आणि त्यांची नेमणूक वर्षा-दोन वर्षांची असते. दहा वर्षांचा प्रश्न दोन वर्षांच्या माणसाच्या हाती दिला की तो माणूस नाइलाजाने प्रश्नच लहान करतो. त्याची किंमत शेवटी रुग्णाचा खुबा मोजतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे काम जवळून पाहिले की मुद्दा पटेल. कृत्रिम खुब्याची झीज मोजणाऱ्या सिम्युलेटरमध्ये गोळा वाटीत बसवतात आणि चालताना येतो तसा चढता-उतरता भार देत सेकंदाला साधारण एक या वेगाने फिरवतात. दहा लाख आवर्तने म्हणजे माणसाचे वर्षभराचे चालणे, असा ढोबळ हिशेब आहे. सांध्यातल्या द्रवाच्या जागी गुरांच्या रक्ताचा पातळ केलेला सीरम वापरतात. तो नासतो, म्हणून ठरावीक टप्प्यावर यंत्र थांबवून बदलावा लागतो. त्याच वेळी वाटी सोडवायची, धुवायची, कोरडी करायची आणि मिलिग्रॅमच्या अंशापर्यंत तोलायची. इथे एक अडचण येते. पॉलिएथिलीनची वाटी द्रव शोषून जड होते, त्यामुळे झिजलेली वाटी वजनात वाढलेलीही दिसू शकते. म्हणून न घासणारी दुसरी वाटी तशाच सीरममध्ये ठेवून तिच्या वजनवाढीचा हिशेब वजा करतात. दहा लाख आवर्तनांना अखंड साडेअकरा दिवस लागतात. पन्नास लाखांना दोन महिने, आणि थांबे धरले तर सहज तीन. मधेच एखादे सील गळले की पुन्हा पहिल्यापासून. एवढे करून हाती येतात ती पाच वर्षांच्या सरळ चालण्याची आकडेवारी आणि त्या सांध्याविषयीचे एक वाक्य. करार संपत आलेला माणूस दुसऱ्या वाक्यासाठी यंत्र पुन्हा लावणार नाही, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही.

या शास्त्राच्या इतिहासातली सगळ्यात उपयोगी ठरलेली चाचणी यंत्रापाशी टिकून राहिलेल्या माणसाने केली. इंग्लंडमधल्या राइटिंग्टन इथे जॉन चार्न्ली यांनी 1958च्या सुमारास खुब्याच्या वाटीसाठी टेफ्लॉन वापरायला सुरुवात केली. पदार्थ निसरडा होता, रुग्ण आनंदाने चालू लागले. पण दोन-तीन वर्षांत वाट्या झिजल्या, झिजेच्या कणांनी आजूबाजूच्या ऊतींना इजा केली आणि सुमारे तीनशे रुग्णांवर केलेले हे काम निस्तरावे लागले. 1962 मध्ये एका विक्रेत्याने मागांच्या दातेरी चाकांसाठी वापरले जाणारे एक प्लास्टिक आणले. चार्न्लींनी त्यात अंगठ्याचे नख रोवून पाहिले आणि ते बाजूला सारले. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र साहेब परदेशी गेलेले असताना तो तुकडा झीज मोजायच्या यंत्रावर चढवला. तीन आठवडे रात्रंदिवस घासूनही त्याची जेवढी झीज झाली, तेवढी टेफ्लॉनची एका दिवसात होत असे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पॉलिएथिलीनची वाटी रुग्णाला बसली आणि तिची सुधारित रूपे आजही बसतात. क्रेव्हन यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती. यंत्र होते, सवड होती, आणि पुढच्या महिन्यात आपण इथे असू याची खात्री होती.

बर्लिनमधल्या गेओर्ग बेर्गमान यांच्या गटाचे कामही याच जातीचे. संवेदक आणि प्रक्षेपक आत बसवलेले खुबे त्यांनी 1980च्या दशकाच्या अखेरीपासून रुग्णांना बसवले आणि सांध्यावरचा भार प्रत्यक्ष ऐकला. साध्या चालण्यात तो शरीराच्या वजनाच्या अडीच पटींच्या आसपास निघाला. पण एका रुग्णाचा पाय चुकून अडखळला तेव्हा तो आठ पटींच्याही वर गेला. हे अडखळणे ठरवून घडवता येत नाही. ते घडेल तेव्हा नोंद चालू असावी लागते, म्हणजे कोणीतरी वर्षानुवर्षे तिथे असावे लागते. खुब्याची खुंटी किती मजबूत हवी हे ठरवताना खरी गरज लागते ती नेमकी या आकड्याची.

यावर पहिला आक्षेप असा की, काळ आता यंत्रात आणि संगणकात दाबून बसवता येतो, आणि राहिलेली देखरेख सांधेबदलाच्या राष्ट्रीय नोंदण्या करतात. एएसआर या धातूवर धातू घासणाऱ्या खुब्याने याचे उत्तर दिले आहे. आखीव चाचण्यांत वाटी योग्य कोनात बसवलेली असे आणि झीज अत्यल्प दिसे. प्रत्यक्षात ती थोडी अधिक उभी बसली की गोळा काठावर टेकू लागे आणि कोबाल्ट-क्रोमियमचे कण ऊतींत उतरत. ऑस्ट्रेलियाच्या नोंदणीने 2007 मध्येच धोक्याची सूचना दिली, तरी जगभरातून तो मागे घेतला गेला ऑगस्ट 2010 मध्ये, सुमारे 93 हजार रुग्णांना बसवून झाल्यावर. नोंदणी अमोल आहे, पण ती मोजते ते दुसऱ्यांदा टेबलावर आलेले रुग्ण. सांधा का बिघडला हे सांगायला काढलेला सांधा हातात घेऊन त्याच्या काठावरची झिजेची चंद्रकोर मायक्रोमीटरमध्ये मोजणारा माणूस लागतो. आणि एका चंद्रकोरीवरून काही ठरत नाही, त्या शेकड्यांनी पाहाव्या लागतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. माणसे बदलत राहिली तर नवे विचार येतात, कायम खुर्ची मिळालेला सुस्तावतो. हे मला मान्य आहे. तरुण संशोधकाने दोन-तीन प्रयोगशाळांचे पाणी चाखावे, ते त्याच्या भल्याचेच. पण नवा विचार आणि हाताचे कसब या वेगळ्या गोष्टी आहेत. मृतदेहातून घेतलेला गुडघा सलाइनने ओला ठेवत, अस्थिबंधांना धक्का न लावता यंत्रात नेमक्या अक्षावर कसा बसवायचा, हे शोधनिबंधातल्या चार ओळींत मावत नाही. ते शेजारी उभे राहून शिकायचे असते. शिकवणाराच निघून गेला की नवा माणूस पहिले सहा महिने आधीच्याच्या चुका पुन्हा करतो आणि प्रयोगाच्या वहीत फक्त अक्षर बदलते.

आपल्याकडे हा प्रश्न आणखी जवळचा आहे, कारण आपण जमिनीवर बसणारी माणसे. मांडी, उकिडवे बसणे, वज्रासन, यांत गुडघा दीडशे अंशांपर्यंत आणि त्याहीपुढे दुमडतो. चाचण्यांची प्रमाणित आवर्तने मात्र मुख्यतः चालण्याची. उकिडवे बसताना मांडीचा मागचा भाग पोटरीवर टेकतो आणि काही भार तिथूनच उतरतो. हा आधार गणितात धरला नाही, तर गुडघ्यावरचा भार खऱ्याहून जास्त निघतो. पुण्याचे डॉ. के. एच. संचेती यांनी भारतीय रुग्णांसाठी ‘इंडस’ गुडघा तयार केला, त्यामागे या गरजेची जाण होती. पण असा गुडघा वीस वर्षे जमिनीवर बसल्यावर कसा झिजतो, हे दोन वर्षांच्या राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिपमध्ये कसे कळणार? पैसा कमी आहे, हे खरे. म्हणूनच माझी मागणी मोठ्या यंत्राची नाही. सांधेबदल करणाऱ्या एखाद्या रुग्णालयाशेजारी दहा वर्षांची एक जागा हवी, आणि आज पुष्कळदा कचऱ्यात जाणारे, दुसऱ्या शस्त्रक्रियेत काढलेले सांधे ठेवायला एक कपाट. प्रत्येक सांध्यासोबत रुग्णाच्या संमतीने लिहिलेली एक चिठ्ठी असावी: कोणत्या वर्षी बसवला, किती वर्षे चालला, आणि माणूस जेवायला खाली बसत होता का.